कर्नलमधली चूक सापडली, कंपनी गप्प आहे: जाहीर करावं का, आणि केव्हा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये तुम्हाला अशी चूक सापडली की कसलेही खास अधिकार नसलेला साधा युजर थेट कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत लिहू शकतो. कंपनीच्या सिक्युरिटी टीमला मेल केला. पोचपावती आली, तीही मशीनने पाठवलेली. आज २३ दिवस झाले, पुढे चिडीचूप. मित्र म्हणतात, सोशल मीडियावर टाक, दोन दिवसांत धावत येतील. तुम्ही विचारताय: किती थांबू, आणि थांबून उपयोग तरी आहे का?

२३ दिवसांवर जाहीर करू नका. पण नुसतं थांबूनही हे भिजत घोंगडं वाळणार नाही. मी या कामात दोन्ही बाजूंना बसलोय. आधी बरीच वर्षं चुका शोधून कळवायचो, नंतर एका कंपनीत असेच मेल उघडणाऱ्या टेबलावर होतो. त्या टेबलावर बसल्यावर एक गोष्ट उमगली, ती शोधणाऱ्याच्या खुर्चीतून सहसा दिसत नाही. आपल्याला वाटतं, आपण लेख टाकू त्या दिवशी गुपित फुटेल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत ते पॅच, म्हणजे चुकीची दुरुस्ती, बाहेर पडतो त्या दिवशीच फुटलेलं असतं. सगळं वेळापत्रक त्या दिवसाभोवती बांधायचं. तुमच्या लेखाभोवती नाही आणि कंपनीच्या सोयीभोवतीही नाही.

वेबसाइटमधली चूक कंपनी स्वतःच्या सर्व्हरवर दुरुस्त करते आणि विषय तिथेच मिटतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच कोट्यवधी मशीनवर उतरतो, म्हणजे हल्लेखोराच्या हातातही पडतो. जुनी आणि नवी ड्रायव्हर फाइल शेजारी ठेवून फरक काढणारी साधनं फुकट मिळतात. त्या फरकात एखाद्या फंक्शनमध्ये लांबी तपासणारी एक नवी तुलना दिसली, की सरावलेल्या माणसाला चूक कुठे होती हे वेगळं सांगावं लागत नाही. लिनक्समध्ये तेवढे कष्टही नाहीत, दुरुस्ती उघड्यावरच होते.

प्रोसेसरमधल्या मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या चुका आठवा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या चुका शोधणाऱ्या गटाने १ जून २०१७ ला इंटेल, एएमडी आणि एआरएमला कळवलं. जाहीर करायची तारीख ठरली ९ जानेवारी २०१८. सात महिने गुपित राखलं गेलं. पण वर्षाअखेरीस लिनक्समध्ये कर्नलची आणि युजरची पेज टेबलं (मेमरीचे नकाशे) वेगळी करणारे मोठे बदल घाईने शिरू लागले. कर्नलचा वेग कमी करणारा बदल, तोही सुट्ट्यांच्या दिवसांत, आणि नेमकं कारण कोणी सांगत नाही! जाणकारांना वास आलाच. २६ डिसेंबरला एएमडीच्या एका इंजिनिअरने आमच्या प्रोसेसरला हा बदल नको असा पॅच पाठवला आणि त्यात स्पेक्युलेटिव्ह (आगाऊ अंदाजाने केलेल्या) मेमरी वाचनाचा उल्लेख केला. उरलेलं कोडं लोकांनी सोडवलं, आणि ३ जानेवारीलाच सगळं जाहीर करावं लागलं. विश्वासघात कोणी केला नव्हता. दवंडी पॅचनेच पिटली.

आता तुमच्या मेलकडे वळतो, कारण तुमची खरी अडचण मला तिथे दिसते. तुम्ही सोबत जोडलेला मसुदा दोनदा वाचला. चूक खरी वाटते. तरीही मी त्या टेबलावर असतो तर हा मेल 'सवडीने बघू'च्या ढिगात गेला असता. पहिले चार परिच्छेद बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जाणं) म्हणजे काय आणि तो किती घातक असतो यावर आहेत. ज्याला पाठवलाय त्याला हे पाठ आहे. मुद्दा तिसऱ्या पानावर येतो. त्यात अलीकडे एआयकडून लिहून घेतलेल्या, दिसायला ऐटबाज आणि आतून पोकळ रिपोर्टांचा पूर आलाय. मेल वाचणारा माणूस पहिल्या पाच ओळींत ठरवतो की याने खरंच काही चालवून पाहिलंय की नुसतं लिहिलंय. त्या पाच ओळी तुमच्या मसुद्यातूनच काढून अशा लिहिता येतील (आयऑक्टल म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला पाठवायची आज्ञा):

"विषय: अमुक ड्रायव्हरच्या आयऑक्टल हँडलरमध्ये पूर्णांक ओव्हरफ्लो; साध्या युजरकडून कर्नल मेमरीत लेखन.

आवृत्ती: बिल्ड अमुक, आजपर्यंतचे सगळे अपडेट घातलेलं मशीन. आधीच्या एका आवृत्तीवरही घडतं. त्याआधीच्या तपासलेल्या नाहीत.

कोणाला जमतं: लॉगिन असलेल्या कोणत्याही युजरला. अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत. नेटवर्कवरून करता आलेलं नाही.

काय घडतं: युजरने दिलेली लांबी ३२ बिटांत घेऊन तीत हेडरचे १६ मिळवले जातात आणि तेवढा बफर मागितला जातो. लांबी ४२९४९६७२८० दिली की बेरीज शून्यावर येते. बफर शून्य बाइटचा मिळतो, कॉपी मात्र मूळ लांबीची सुरू होते. युजरच्या बफरचं पुढचं पान मुद्दाम मॅप न करता ठेवलं, तर कॉपी हव्या त्या बाइटवर थांबवता येते.

कसं पाहायचं: सोबतची सी फाइल कंपाइल करून साध्या युजरने चालवा. दहापैकी दहा वेळा मशीन कोसळलं. क्रॅशचा स्टॅक खाली जोडलाय.

आजपासून ९० दिवसांनी, म्हणजे अमुक तारखेला, तपशील जाहीर करायचा विचार आहे. पॅच त्याआधी तयार झाला तर तारीख मिळून ठरवू."

कॉपी मधेच थांबवता येते हे वाक्य तुमच्या रिपोर्टचा प्राण आहे, आणि तुम्ही ते तळटीपेत टाकलंय! ते नसेल तर वाचणारा म्हणेल, चार जीबीची कॉपी होणार, मशीन पडणार, म्हणजे फार तर सेवा बंद पाडणारा बग, प्राधान्य कमी. ते वाक्य असेल तर तोच बग 'किती लिहायचं ते हल्लेखोर ठरवतो' या रकान्यात जातो आणि त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी वरिष्ठाला फोन जातो.

आणि काय तपासलेलं नाही, तेही लिहा. नवख्यांना वाटतं त्याने रिपोर्ट कच्चा दिसतो. टेबलापलीकडच्या माणसाचा विश्वास नेमका त्याच वाक्याने बसतो. विंडोजवर ड्रायव्हर व्हेरिफायर किंवा लिनक्सवर केएएसएएन (दोन्ही मेमरीतल्या चुका पकडणारी साधनं) चालू होतं का, हे तर न चुकता सांगा. आमच्याकडे एक खरी चूक तीन आठवडे 'इथे घडत नाही' म्हणून पडून राहिली होती. शोधणाऱ्याच्या मशीनवर मेमरी तपासणारी सोय चालू होती, त्यामुळे क्रॅश लगेच व्हायचा. आमच्या मशीनवर मेमरी गुपचूप बिघडायची आणि सगळं सुरळीत चाललेलं दिसायचं. त्याने लिहिलं नाही, आम्ही विचारलं नाही.

पूर्ण एक्स्प्लॉइट, म्हणजे चूक प्रत्यक्ष वापरून शेवटी कॅल्क्युलेटर उघडून दाखवणारा कोड, पहिल्या मेलसोबत पाठवू नका. क्रॅश आणि त्यामागचं कारण एवढं पुरतं. समोरून "हे कशावरून वापरता येईल?" असा प्रश्न आला तर मग एनक्रिप्ट करून पाठवा. कंपनीच्या आत तुमची फाइल किती जणांच्या मेलबॉक्समधून फिरते हे मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

मेल योग्य दारात पडला का, हाही एक प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, गूगल यांचे स्वतंत्र पोर्टल आहेत. ग्राहक सेवेच्या पत्त्यावर गेलेला रिपोर्ट सहसा तिथेच विरतो. ड्रायव्हर सिस्टिमसोबत येत असला तरी तो लिहिलेला चिप बनवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीने असू शकतो. तुमच्या बाबतीत फाइलच्या स्वाक्षरीवर कोणाचं नाव आहे ते पाहा. लिनक्सची रीत वेगळी. तिथे त्या भागाचे मेंटेनर (देखभाल करणारे) आणि कर्नलची सिक्युरिटी टीम यांना मिळून मेल जातो, आणि तो साध्या मजकुरात हवा असतो. सुंदर पीडीएफ केलीत तर उलट चिडतील. ती टीम कसल्याही गोपनीयता करारावर सही करत नाही, आणि सीव्हीई, म्हणजे चुकीच्या अधिकृत ओळख क्रमांकासाठी आधी भांडण्यातही अर्थ नाही. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई देतो, तोही दुरुस्ती स्टेबल (वापरासाठी जाहीर होणाऱ्या आवृत्त्यांच्या) शाखेत गेल्यावर.

मग दिवस किती? ९० चा आकडा बहुतेकांच्या डोक्यात प्रोजेक्ट झीरोमुळे बसलाय. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या गटाने तो कडकपणे पाळला. इंटरनेटभर पसरलेल्या १९८८ च्या मॉरिस वर्मनंतर स्थापन झालेल्या सीईआरटी/सीसी या समन्वय संस्थेची मुदत ४५ दिवसांची. लिनक्स कर्नलची टीम तर दुरुस्ती तयार झाल्यावर ७ दिवसांपेक्षा जास्त रोखायला तयार नसते, फारच गंभीर असेल तर १४. लिनक्सच्या वितरणांच्या (डेबियनसारख्या तयार संचांच्या) बंद मेल यादीवरही कमाल १४ दिवसच. आकड्यांमधली ही तफावत पाहून गोंधळू नका, कारण मोजणीच वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. ९० आणि ४५ मोजायचे तुम्ही कळवल्यापासून. ७ आणि १४ मोजायचे पॅच तयार झाल्यापासून, किंवा यादीला कळवल्यापासून. पहिली मुदत कंपनीला झोपू देत नाही. दुसरी, तयार पॅच उगाच कपाटात राहू देत नाही.

मुदत किती ताणायची यावर एक जुनं भांडण आहे. ११ जानेवारी २०१५ ला प्रोजेक्ट झीरोने विंडोजमधली एक चूक ९० दिवस भरले म्हणून जाहीर केली. मायक्रोसॉफ्टचा मासिक पॅच, जो दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो, त्याला दोनच दिवस उरले होते. मायक्रोसॉफ्टने जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढच्याच महिन्यात गूगलने नियमात १४ दिवसांची सवलत घातली: पॅचची तारीख ठरलेली असेल तर थोडं थांबू. पुढे २०२१ मध्ये त्यांनी आणखी एक पायरी जोडली. पॅच मुदतीत आला तर तांत्रिक तपशील त्यानंतर ३० दिवसांनी, म्हणजे लोकांना अपडेट करायला वेळ मिळतो. मला ही ९० अधिक ३० ची रचना पटते. मुदत नसलेला शोधक कंपनीला फार आवडतो, आणि त्याचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी उघडला जातो. हे मी त्याच टेबलावरून सांगतोय. उलट, पॅच परवा येणार हे ठाऊक असून आज जाहीर करणाऱ्याने कोणाचं भलं केलं, हेही मला आजवर कळलेलं नाही.

२३ दिवसांची शांतता म्हणजे दुर्लक्षच, असंही धरून चालू नका. आत काय चाललेलं असतं? आधी बग पुन्हा घडवून पाहायचा. मग तीच बेरीज त्याच ड्रायव्हरमध्ये आणखी कुठे केलीय ते शोधायचं, कारण एकच जागा बुजवली तर पॅच पाहून दुसरा कोणी शेजारची जागा शोधतो. मग जुन्या आवृत्त्यांवर तोच बदल चढवायचा आणि इतर काही मोडलं नाही ना ते तपासायचं. घाईत काय होतं, त्याचा नमुना मॅकओएस हाय सिएराने दाखवला. २८ नोव्हेंबर २०१७ ला एका ट्वीटमधून जगाला कळलं की रिकाम्या पासवर्डने रूट म्हणून शिरता येतं. अ‍ॅपलने दुसऱ्याच दिवशी पॅच दिला, आणि त्या पॅचने काही मशीनवर फाइल शेअरिंग बंद पाडलं. तुमचे मित्र म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही, ट्वीट केलं की कंपनी खरंच धावत येते. पण त्या धावपळीत सगळ्यांचं मशीन एक दिवस उघडं राहतं.

तारखेबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कंपनीशी ठरलं: चौदा तारखेला दोघांनी एकदम जाहीर करायचं. मी मध्यरात्र उलटताच लेख टाकून निवांत झोपलो. कंपनीकडे तेव्हा तेरा तारखेची दुपार होती. त्यांचा पॅच अजून सर्व्हरवर चढायचा होता, आणि मध्ये जवळजवळ अख्खा दिवस. सकाळी उठलो तर मेलबॉक्समध्ये सतरा मेल, प्रत्येक आधीच्यापेक्षा थंड भाषेतला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेलमध्ये तारखेपुढे तास, मिनिटं आणि 'यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) असतं. समोरच्याने तसंच उलट लिहून पाठवेपर्यंत मी तारीख ठरली असं मानत नाही.

चूक एकापेक्षा जास्त सिस्टिममध्ये असेल तर हे वेळापत्रक आणखी नाजूक होतं. २०१७ मध्ये वाय-फायमधली क्रॅक ही त्रुटी १६ ऑक्टोबरला जाहीर झाली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने मात्र ऑगस्टअखेरीसच गुपचूप दुरुस्ती टाकली होती. तीही शोधणाऱ्याच्या संमतीने, कारण आधी ठरलेली मुदत वाढत गेली होती. पुढे त्याच शोधकाने लिहिलं की ती परवानगी देणं चूक होतं, आणि यापुढे ओपनबीएसडीला एम्बार्गो (गुपित राखायची मुदत) संपत आल्यावरच कळवू. ओपनबीएसडीवाल्यांचं म्हणणं, आमच्या युजरना आम्ही का लटकवत ठेवायचं? मला दोघांचंही पटतं, पण अशा वादात शोधणाऱ्याने एकट्याने पडू नये. तीनपेक्षा जास्त कंपन्या गुंतल्या असतील तर सीईआरटी/सीसी किंवा तुमच्या देशाचा सीईआरटी यांना मध्यस्थ घ्या. पंचवीस जणांच्या मेलचा धागा सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

नीट झालेलं काम बघायचं असेल तर डर्टी पाइप या लिनक्समधल्या चुकीचा घटनाक्रम बघा. मॅक्स केलरमन या प्रोग्रामरकडे एप्रिल २०२१ मध्ये साधी तक्रार आली: डाउनलोड केलेल्या लॉग फाइल उघडत नाहीत, सीआरसी (फाइल शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) चुकतो. महिनोन्‌महिने अधूनमधून एखादी फाइल बिघडायची. शेवटी लक्षात आलं की बिघडतात ते शेवटचे आठ बाइट, आणि त्यांच्या जागी येतो तो झिप फाइलच्या हेडरचा तुकडा. तिथून माग काढत तो कर्नलपर्यंत पोचला. पाइपच्या बफरमधला एक फ्लॅग सुरुवातीला कोरा न केल्यामुळे, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या पेज कॅशमध्येही (मेमरीतल्या प्रतीतही) लिहिता येत होतं. १९ फेब्रुवारी २०२२ ला हे कळलं. २० ला बग, एक्स्प्लॉइट आणि तयार पॅच कर्नलच्या सिक्युरिटी टीमकडे. २१ ला एका पिक्सेल ६ फोनवर तेच करून पाहिलं आणि अँड्रॉइडच्या टीमला कळवलं. त्याच दिवशी पॅच सार्वजनिक यादीवर गेला, पण त्यात सुरक्षेचा शब्दही नव्हता. २३ ला स्टेबल आवृत्त्या बाहेर, २४ ला अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये दुरुस्ती, २८ ला वितरणांना सूचना, ७ मार्चला जगाला. सोळा दिवसांत खेळ आटोपला.

यात लक्षात घेण्यासारखं म्हणजे त्याने पॅच स्वतः लिहून दिला, आणि पॅच उघड झाल्यावर उरलेलं गुपित दोनच आठवडे ठेवलं. त्यापेक्षा जास्त ते टिकलंही नसतं, कोणीतरी तो बदल वाचलाच असता. तुमच्या बाबतीत सोर्स कोड हातात नसेल, तरी "बेरजेआधी लांबीची वरची मर्यादा तपासा" हे एक वाक्य तरी सुचवा. दुरुस्ती सुचवलेला रिपोर्ट आमच्याकडे निम्म्या वेळात पुढे सरकायचा.

पॅच आल्यावर प्रूफ ऑफ कन्सेप्ट (चूक दाखवणारा नमुना कोड) कधी टाकायचा, यावर प्रिंटनाइटमेअरची गोष्ट पुरेशी बोलकी आहे. जून २०२१ च्या पॅचमध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंट स्पूलरमधली (छपाई सांभाळणाऱ्या सेवेतली) एक चूक बुजवली. त्याच भागात काम करणाऱ्या काही संशोधकांना वाटलं, बुजली ती आपलीच चूक. त्यांनी २९ जूनला आपला कोड गिटहबवर टाकला. ती दुसरीच चूक निघाली, पॅच न झालेली. कोड काही तासांत काढला, तोवर प्रती निघाल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ६ जुलैला वेळापत्रकाबाहेर पॅच काढावा लागला. हेतू वाईट नव्हता. 'आपला कोड पॅच घातलेल्या मशीनवर चालवून बघ' ही एक पायरी राहून गेली. पॅच आला की तुम्ही पहिलं हेच करा, आणि चालला तर आधी कंपनीला कळवा, मुदत पुन्हा मोजायला लागा.

आणि पॅच आला म्हणजे लोकांनी घातला असं नसतं. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने १२ मे २०१७ ला धुमाकूळ घातला, तेव्हा त्या चुकीचा पॅच १४ मार्चपासून उपलब्ध होता. फोनच्या बाबतीत साखळी आणखी लांब. एआरएमने माली ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या काही चुका २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्त केल्या. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट झीरोने पाहिलं, तर पिक्सेलसकट बऱ्याच फोनवर ती दुरुस्ती पोचलेलीच नव्हती. तुमचा ड्रायव्हर चिप कंपनीचा निघाला तर हे तुम्हालाही लागू होईल. तपशील ३० दिवस उशिरा, आणि जाहीर करताना चालू एक्स्प्लॉइट न देता कारणमीमांसा, एवढं मी तरी पाळतो.

एका परिस्थितीत हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवायचं: चूक आधीच कोणी वापरतंय याचा पुरावा हाती आला तर. तिथे प्रोजेक्ट झीरोसुद्धा ७ दिवसच देतं. मार्च २०२४ मधला एक्सझेड या लिनक्समधल्या कॉम्प्रेशन साधनात लपवलेला बॅकडोअर (चोरदार) आठवा. एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला ०.३ च्या जागी ०.८ सेकंद का लागतायत, या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने तो पकडला. बिघडवलेल्या आवृत्त्या काही वितरणांत शिरल्याच होत्या. तिथे तीन महिने थांबणं म्हणजे चोर घरात असताना कुलपाचं कोटेशन मागवण्यासारखं. वितरणांना आधी सांगून त्याने लगेच २९ मार्चला सगळं उघड केलं.

कंपनीने "ही सुरक्षेची चूकच नाही" म्हटलं तर? होतं असं, आणि कधी कधी कंपनी बरोबर असते. मायक्रोसॉफ्टने कोणत्या सीमा ते सुरक्षेच्या मानतात हे लिहून जाहीर केलंय. अ‍ॅडमिनपासून कर्नलपर्यंतची सीमा त्यात बसत नाही, यूएसीही (अ‍ॅडमिनचे अधिकार देण्याआधी परवानगी विचारणारी खिडकी) नाही. साधा युजर ते कर्नल मात्र नक्की बसते. म्हणूनच अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत ही ओळ मी वर घातली. लिनक्सवर हाच मुद्दा युजर नेमस्पेसचा (साध्या युजरला वेगळ्या कप्प्यापुरते अधिकार देणाऱ्या सोयीचा) असतो: विशेष अधिकार लागतात, पण साध्या युजरला नेमस्पेसमधून ते मिळतात का? सांगा, नाहीतर तिथेच अडेल. नकार आलाच तर जाहीर करायला तुम्ही मोकळे आहात, फक्त तारीख आधी कळवा. माझ्या अनुभवात ती तारीख वाचून निम्मे नकार विरघळतात.

पैशांबद्दल थोडक्यात. बाउंटी (चूक कळवल्याबद्दलचं बक्षीस) असेल तर घ्या, पण अटी आधी वाचा. काही कार्यक्रमांत कंपनीच्या परवानगीशिवाय कधीच जाहीर करता येत नाही, आणि 'स्वीकारतो'वर टिचकी मारली की तुमची मुदत संपली. आणि "इतके द्या, नाहीतर जाहीर करतो" या अर्थाचं वाक्य गमतीतही लिहू नका. मुदत ही मुदत असते, तिच्याशेजारी रक्कम लिहिली की ती खंडणी दिसते. ऑपरेटिंग सिस्टिमचं एक बरं आहे, सगळं स्वतःच्या मशीनवर करून बघता येतं. दुसऱ्याच्या मशीनवर, अगदी कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा, चालवून पाहू नका.

'जबाबदार प्रकटीकरण' हा शब्द तुम्ही वापरलाय. मला तो थोडा खटकतो, कारण जबाबदारी सगळी शोधणाऱ्याच्या गळ्यात पडते आणि वर्षभर पॅच न देणारी कंपनी नामानिराळी राहते. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तो सोडून 'समन्वयाने प्रकटीकरण' म्हणायला सुरुवात केली. असो.

तुम्ही आज करायचं ते असं. नवा मेल नको, त्याच धाग्यात उत्तर द्या, म्हणजे क्रमांक आणि पहिली तारीख शाबूत राहते. वरचा सुटसुटीत मजकूर टाका, तक्रारीचा सूर काढा. ९० दिवस पहिल्या मेलपासून मोजायचा मोह होईल, पण पहिल्या मेलमध्ये तुम्ही मुदत सांगितलीच नव्हती, म्हणून आजपासून मोजा. दोन आठवड्यांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं नाही तर सीईआरटी/सीसीकडे जा आणि तसं कंपनीलाही सांगा. उत्तर आलं तर महिन्यातून एकदा, एका ओळीत विचारा: "कारण निश्चित झालं का, पॅच कोणत्या महिन्यात?" त्याहून जास्त नको.

पाठवण्याआधी मसुद्यातल्या दोन गोष्टी बदला. बिल्ड क्रमांक कुठेच नाही, नुसतं 'लेटेस्ट' लिहिलंय. मेल उघडेपर्यंत लेटेस्ट बदललेलं असतं. आणि तो क्रॅशचा स्क्रीनशॉट काढून टाका, स्टॅक मजकुरात चिकटवा. चित्रात मागे तुमचा डेस्कटॉप दिसतोय, आणि तिथल्या एका फोल्डरच्या नावावरून, दुसरा बग कोणत्या ड्रायव्हरमध्ये शोधताय ते मलाही कळलं.